निवृत्तिवेतन केंद्राचे, वाट जिल्ह्याची : सैनिक परिवारांचे प्रश्न

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये माजी सैनिकांच्या घरांतून आलेली पत्रे सर्वाधिक आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी विचारले आहे, की आम्ही नेमके कोणाच्या दारात जायचे? हा प्रश्न रास्त आहे. सैन्य केंद्र सरकारचे असल्यामुळे निवृत्तिवेतन, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची वैद्यकीय सेवा आणि कॅन्टीन या गोष्टी केंद्राच्या अखत्यारीत येतात. शासकीय नोकरीतील आरक्षण, घरपट्टीची माफी, मुलामुलींची वसतिगृहे, तसेच कर्तव्यावर वीरमरण आलेल्या जवानाच्या कुटुंबाला मिळणारे १ कोटी रुपयांचे अनुदान या गोष्टी राज्य शासनाच्या आहेत. सामान्य माणसाला ही विभागणी माहीत नसते आणि ती माहीत असावी अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही. त्यासाठीच राज्यात सैनिक कल्याण विभाग आहे. सामान्य प्रशासन विभागाच्या अधिपत्याखालील या विभागाचे मुख्यालय पुण्यात असून जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. या यंत्रणेचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात, आणि तेथील अधिकारी बहुधा स्वतः सैन्यदलातून निवृत्त झालेले असतात. अर्ज दिल्लीला जायचा असो, प्रयागराजच्या निवृत्तिवेतन कार्यालयाला जायचा असो की गावच्या ग्रामपंचायतीत, त्याची सुरुवात या कार्यालयातून करावी, असे माझे सर्व पत्रलेखकांना सांगणे आहे. ज्यांनी नावे छापू नयेत असे कळवले, त्यांच्यासाठी सर्वांचीच नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून १९९८ साली नाईक या हुद्द्यावरून निवृत्त झाले. चार महिन्यांपूर्वी वयाच्या ६३ व्या वर्षी ते वारले. त्यांच्या पीपीओवर (निवृत्तिवेतनाच्या आदेशावर) माझे माहेरचे नाव आहे आणि आधार कार्ड, बँक व रेशन कार्डावर सासरचे. नावे जुळत नाहीत म्हणून बँकेतून परत पाठवले. गावातील एक गृहस्थ सगळे काम करून देतो म्हणून पंचवीस हजार रुपये मागत आहेत. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी, ता. खटाव, जि. सातारा

उत्तर : ताई, त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका आणि यजमानांचे डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका) किंवा मूळ पीपीओ त्यांच्या हाती सोपवू नका. हे काम सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणतेही शुल्क न घेता केले जाते. कार्यालयातील कल्याण संघटक तालुक्याच्या ठिकाणीही दौऱ्यावर येतात. त्यांचा तुमच्या भागातील दिवस दूरध्वनी करून विचारून घेतला, तर साताऱ्याला जाण्याचा एखादा हेलपाटा वाचेल.

सर्वांत आधी यजमानांच्या मृत्यूची नोंद निवृत्तिवेतनाच्या यंत्रणेत झाली आहे का, ते पाहावे. आता बहुतेक सैनिकी निवृत्तिवेतने ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून, म्हणजे प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयाकडून थेट खात्यात जमा होतात. बँकेची शाखा पूर्वीसारखा निर्णय घेत नाही. त्यामुळे तुम्हाला परत पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात फारसे काही नव्हते, फक्त पुढे कुठे जायचे हे त्याने सांगायला हवे होते. मृत्यूनंतरही खात्यात निवृत्तिवेतन जमा झाले असेल तर ती रक्कम काढू नका, ती पुढे वसूल केली जाते. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होताच त्यातून कपात होऊ लागली की घराचे गणित कोलमडते. मात्र मृत्यूच्या तारखेपर्यंतचे जे येणे राहिले असेल, ते वारस म्हणून तुम्हाला मिळते.

आता नावाचा मुद्दा. जवानाच्या पत्नीचे नाव त्याच्या सेवाकाळात पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे पलटणीच्या नोंदीच्या आदेशाने, रेकॉर्ड ऑफिसच्या (सैनिकांच्या सेवा-नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) दप्तरी नोंदले जाते आणि तेथूनच ते पीपीओवर येते. लग्नानंतर लगेच, माहेरच्या नावाने, कधी नुसत्या पहिल्या नावाने झालेली ही नोंद पुढे कोणी उघडून पाहत नाही. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे संपूर्ण नाव बदलण्याची रीत असल्यामुळे महाराष्ट्रातील सैनिक कुटुंबांत ही अडचण फार मोठ्या प्रमाणावर येते. यात तुमचा काहीही दोष नाही आणि तुमचा हक्क त्यामुळे बुडत नाही. पीपीओवरील स्त्री आणि आधार कार्डावरील स्त्री एकच आहे, एवढेच कागदाने सिद्ध करायचे आहे. त्यासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, ग्रामपंचायतीचा किंवा तलाठ्याचा वारसविषयक दाखला, दोघांचा एकत्र फोटो असलेली जुनी कागदपत्रे आणि आवश्यक तेथे महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदल हे पुरावे जोडावे लागतात. विवाहाची नोंदणी त्या काळी झाली नसेल तर घाबरू नका, तेव्हाच्या लग्नांच्या बाबतीत प्रतिज्ञापत्र आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नोंदी यांचा आधार घेतला जातो.

हे सर्व कागद घेऊन तुम्ही जिल्हा कार्यालयात गेलात, की तेथील अधिकारी मूळ प्रतींवरून पडताळणी करतात, साक्षांकन करतात आणि शिफारशीसह प्रकरण संबंधित रेकॉर्ड ऑफिसला पाठवतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. तुमच्याच गावातील दुसऱ्या एखाद्या घरातील माणूस तोफखान्यात असेल तर त्याचा कागद नाशिक रोड कॅम्पला जातो, बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकीला, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातील सागरला आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचा असेल तर नागपूरजवळच्या कामठीला. म्हणून शेजारच्या घरातील अर्जाची नक्कल करून आपला अर्ज पाठवू नये. चुकीच्या पत्त्यावर गेलेला कागद महिनोन्‌महिने परत येत नाही आणि त्या काळात घर कसे चालते हे फक्त त्या घरालाच माहीत असते.

रेकॉर्ड ऑफिसने दुरुस्ती मान्य केली की सुधारित पीपीओ निघतो आणि यजमानांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकीही मिळते, म्हणजे वेळ गेला तरी पैसा जात नाही. रकमेबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी ते माहीत असणे तुमच्या हिताचे आहे. निवृत्त सैनिकाच्या मृत्यूनंतर पहिली ७ वर्षे, किंवा तो हयात असता तर ज्या दिवशी ६७ वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर वाढीव दराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. हा दर शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के असतो, पण सैनिकाला स्वतःला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनापेक्षा तो जास्त नसतो. त्यानंतर तो ३० टक्क्यांवर येतो. यजमान ६३ व्या वर्षी गेले, त्यामुळे तुमच्या बाबतीत वाढीव दराचा काळ सुमारे ४ वर्षांचा राहील. पुढे रक्कम कमी झाली तर ती चूक समजू नका. महागाई सवलत धरण्यापूर्वीची किमान मर्यादा सध्या दरमहा ९,००० रुपये आहे.

याच कार्यालयातून माजी सैनिकाच्या विधवा पत्नीचे ओळखपत्र करून घ्या. ईसीएचएसचे कार्ड, कॅन्टीनचे कार्ड, घरपट्टीची माफी आणि मुलांच्या सवलती यांसाठी ते पुढे सतत लागते. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. तो सीएससी केंद्रावर अंगठ्याच्या ठशाने देता येतो.

हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक हयात माजी सैनिकाला माझी कळकळीची विनंती आहे, की आज संध्याकाळी आपला पीपीओ आणि पत्नीचे आधार कार्ड शेजारी ठेवून दोन्हींवरचे नाव व जन्मतारीख तपासा. तुम्ही स्वतः सही करू शकता तोपर्यंत ही दुरुस्ती साध्या अर्जावर होते. तुमच्यामागे तेच काम तुमच्या पत्नीला दुःखाच्या दिवसांत पुरावे गोळा करत फिरून करावे लागते.

प्रश्न : माझे वडील आज ७० वर्षांचे आहेत. महार रेजिमेंटमध्ये ९ वर्षे सेवा करून ते घरी आले. १५ वर्षे पूर्ण न झाल्यामुळे त्यांना निवृत्तिवेतन नाही. शेती दीड एकर, तीही कोरडवाहू. त्यांना कोठूनच काही मिळू शकत नाही का?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : मिळू शकते. जवानांना सेवा निवृत्तिवेतनासाठी १५ वर्षांची अर्हताकारी सेवा लागते, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण वडिलांच्या डिस्चार्ज बुकात सेवामुक्तीचे कारण काय लिहिले आहे, ते आधी नीट वाचून घ्या. स्वतःच्या विनंतीवरून असे लिहिले असेल तर निवृत्तिवेतनाचा प्रश्न तेथेच संपतो. मात्र वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवून घरी पाठवले असेल आणि ते अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा सेवेत बळावलेले असेल, तर अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी १५ वर्षांची अट लागत नाही. कित्येक जुने सैनिक ‘आपले पंधरा भरले नाहीत’ एवढेच धरून बसतात आणि तो कागद पेटीतून कधी बाहेर काढत नाहीत. तसे काही आढळले तर प्रकरण जिल्हा कार्यालयामार्फत सागरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे न्यावे. तेथे नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा मार्ग आहे आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.

तसे काही नसेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या केंद्राच्या मंडळाच्या, योजनेकडे वळावे. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्या, निवृत्तिवेतन नसलेल्या आणि हवालदार किंवा त्याखालील हुद्द्यावरून सेवामुक्त झालेल्या गरजू माजी सैनिकाला, तसेच अशा सैनिकाच्या विधवेला, दरमहा निर्वाहाची रक्कम मिळते. कार्यालयात तिला ‘पेन्युरी ग्रँट’ म्हणतात, म्हणून तेथे विचारताना हाच शब्द वापरा. ही रक्कम पूर्वी दरमहा ४,००० रुपये होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ती ८,००० रुपये केली आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना नवा दर लागू केला. पैसा संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून येतो आणि हा निधी सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचाच भाग आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला शाळेत आणि कचेरीत जो छोटा ध्वज छातीवर लावून आपण पैसे देतो, ते पैसे तुमच्या वडिलांसारख्या माणसापर्यंत पोहोचावेत यासाठीच तो दिवस १९४९ पासून पाळला जातो. त्यामुळे ही मदत घेताना वडिलांना संकोच वाटत असेल, तर तो दूर करणे तुमचे काम आहे.

अर्ज संगणकावरून भरायचा असतो, पण तो मंजूर होण्यासाठी बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांची पडताळणी आणि शिफारस आवश्यक असते. ती झाल्यावर तो पुण्याच्या मुख्यालयातून दिल्लीला जातो. वडिलांचे नाव जिल्हा कार्यालयात माजी सैनिक म्हणून नोंदलेले नसेल तर पहिला दिवस नोंदणीसाठी द्यावा लागेल. डिस्चार्ज बुक हरवले असेल तर पोलिसांत नोंद करून आणि प्रतिज्ञापत्र जोडून रेकॉर्ड ऑफिसकडून दुय्यम प्रत मागवता येते. तो पत्रव्यवहारही जिल्हा कार्यालयाच्या शिफारशीने करावा.

प्रश्न : मी निवृत्त हवालदार आहे. मुलीला या वर्षी पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, मुलगा नववीत आहे. पंतप्रधान शिष्यवृत्तीबद्दल ऐकले, पण शेजारी म्हणतात की ती फक्त शहिदांच्या मुलांना मिळते.
— एक वाचक, ता. आष्टी, जि. बीड

उत्तर : शेजाऱ्यांची समजूत अर्धवट आहे. वीरमरण आलेल्या, सेवेत अपंगत्व आलेल्या आणि शौर्यपदक मिळालेल्या सैनिकांच्या मुलांना या शिष्यवृत्तीत प्राधान्य आहे, पण तुमच्यासारख्या माजी सैनिकांची मुलेही तीत पात्र आहेत. देशभरात दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी असतात. मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये या दराने वर्षाची रक्कम एकत्र खात्यात जमा होते. किमान पात्रता म्हणजे बारावीला किंवा पदविकेला ६० टक्के गुण. पुढे दरवर्षी नूतनीकरणासाठी ५० टक्के टिकवावे लागतात.

एक गोष्ट मात्र लगेच करायची आहे. नवा अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षालाच करता येतो. दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलीला, ती कितीही हुशार असली तरी, ही शिष्यवृत्ती नव्याने मिळत नाही. दरवर्षी अनेक पालक ही मुदत चुकवतात, कारण महाविद्यालय त्याबद्दल सांगत नाही आणि गावापर्यंत सूचना पोहोचत नाही. माझ्या मते जिल्हा कार्यालयांनी बारावीचा निकाल लागताच नोंदणीकृत माजी सैनिकांच्या भ्रमणध्वनीवर हा संदेश पाठवलाच पाहिजे. काही अधिकारी व्हॉट्सॲप गटांतून तसे करतात, इतरांनीही करावे. अर्जासोबत तुम्ही माजी सैनिक असल्याचे जिल्हा अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र, महाविद्यालयाचे प्रमाणपत्र आणि बँकेचा तपशील विहित नमुन्यांत लागतो. तिन्ही नमुने केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर आहेत. बँक खाते मुलीच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे.

मुलासाठी वेगळी योजना आहे. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत पहिलीपासून पदवीपर्यंत शैक्षणिक मदत मिळते. वर सांगितलेल्या ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयाने तीही दरमहा १,००० वरून २,००० रुपये झाली आहे. मुलगा जो वर्ग उत्तीर्ण झाला त्या वर्षाची गुणपत्रिका जोडून अर्ज करायचा असतो. दुसऱ्या एखाद्या शासकीय योजनेतून त्याच शिक्षणासाठी पैसे मिळत असतील तर ते अर्जात प्रामाणिकपणे नमूद करा, कारण पडताळणीत ते उघड होते आणि मग खरा हक्कही अडकतो.

राज्याकडून मिळणारी सोय म्हणजे वसतिगृह. सैनिक कल्याण विभाग आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि मुलींसाठी जिल्ह्यांच्या ठिकाणी वसतिगृहे चालवतो. वीरपत्नींच्या व विधवांच्या मुलांना तेथे प्राधान्य आणि सवलत असते. पुण्यात खासगी जागेचे भाडे काय आहे हे तुम्हाला आतापर्यंत कळले असेलच, तेव्हा पुण्याच्या जिल्हा कार्यालयात जागा शिल्लक आहे का ते ताबडतोब विचारा. मुलगा बारावीनंतर अभियांत्रिकीकडे जाणार असेल तर एक सूचना आजच लिहून ठेवा. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत महाराष्ट्राचे अधिवास असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी डिफेन्स प्रवर्गातील जागा राखीव असतात. त्याचे प्रमाणपत्र प्रवेशाचा अर्ज भरतानाच जवळ असावे लागते, नंतर आणून भागत नाही.

प्रश्न : १७ वर्षांची सेवा करून या वर्षी निवृत्त झालो. वय ३७. दहावीनंतर भरती झालो होतो, पदवी नाही. राज्य शासनाच्या नोकरीत माजी सैनिकांना जागा असतात म्हणतात, पण आता वय उलटून गेले असे वाटते.
— एक वाचक, ता. कागल, जि. कोल्हापूर

उत्तर : वय उलटलेले नाही. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड या पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. वयाच्या अटीत तुमच्या सेवेइतका काळ अधिक ३ वर्षे एवढी सूट मिळते. ३७ मधून सेवेची १७ वर्षे वजा केली की २० उरतात, यावरून तुमच्यापुढे किती मोकळा काळ आहे हे दिसेल. सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. पदवीबद्दल म्हणाल तर १५ वर्षे सेवा झालेल्या आणि दहावी किंवा सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र मिळवलेल्या माजी सैनिकाला, जेथे तांत्रिक किंवा व्यावसायिक अर्हता लागत नाही अशा गट क पदांसाठी पदवीच्या अटीतून वाट दिलेली असते. प्रत्येक जाहिरातीतील ‘माजी सैनिक’ हा परिच्छेद बारकाईने वाचा, कारण काही पदांना ही वाट लागू नसते.

समांतर आरक्षण म्हणजे काय, हे न कळल्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. माजी सैनिकांच्या जागा प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजल्या जातात. म्हणून तुम्ही ज्या प्रवर्गात येता त्याचे जातप्रमाणपत्र, आणि लागत असेल तर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, तयार असले पाहिजे. सीमेवर असताना ही कागदपत्रे कोणी काढलेली नसतात. निवड झाल्यानंतर केवळ एका दाखल्यावाचून जागा गमावलेले जवान मी पाहिले आहेत आणि त्यांचे दुःख फार वेगळे असते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यातच तहसील कार्यालयाची ही कामे उरकून घ्या आणि कोल्हापूरच्या जिल्हा कार्यालयात सेवायोजनासाठी नाव नोंदवा. परीक्षांच्या तयारीच्या काळात उत्पन्न हवे असेल तर पुण्याचे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, माजी सैनिकांना सुरक्षारक्षक आणि तत्सम पदांवर काम देते. २००२ साली राज्य शासनाने ते याच हेतूने स्थापन केले. मात्र मेस्कोच्या नोकरीत स्थिरावून परीक्षा सोडून देऊ नका, शासकीय सेवेत तुम्हाला अजून वीसेक वर्षे मिळू शकतात.

प्रश्न : ग्रामपंचायत म्हणते की घरपट्टीची माफी फक्त शौर्यपदक विजेत्यांना आणि युद्धविधवांना आहे.
— एक माजी सैनिक, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर

उत्तर : पूर्वी तसेच होते. २०२० साली राज्य शासनाने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणून ही माफी सर्व माजी सैनिकांना आणि माजी सैनिकांच्या विधवांना लागू केली. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सगळीकडे ती लागू आहे. सवलत राज्यातील एकाच मालमत्तेला मिळते आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ग्रामसेवकाशी वाद घालत बसू नका. लेखी अर्ज द्या, शासन निर्णयाची प्रत जोडा आणि अर्जाची पोच घ्या. तरीही मागणीचे बिल आले तर गटविकास अधिकाऱ्यांकडे जा आणि त्याची एक प्रत जिल्हा कार्यालयाला द्या.

प्रश्न : आम्ही मूळचे बेळगावचे. वडील सेवेतून आल्यावर कोल्हापुरात घर बांधून राहिले. सवलती कोणत्या राज्याच्या?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : निवृत्तिवेतन, ईसीएचएस आणि केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजना देशभर सारख्याच आहेत, त्यांना राज्याची सीमा आड येत नाही. राज्याच्या सवलती मात्र अधिवासावर अवलंबून असतात. वडिलांची नोंद बेळगावच्या कार्यालयात असेल तर ती तेथून कोल्हापूरला वर्ग करून घ्या. दोन ठिकाणी नोंदणी ठेवू नका. महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र नसेल तर प्रथम ते काढावे लागेल. गोव्यात किंवा अन्य राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी माजी सैनिकांनाही हेच लागू आहे. तेथे त्या त्या राज्याच्या सैनिक मंडळाकडे नोंदणी करावी.

प्रश्न : माझे पती सध्या जम्मू-काश्मीरमध्ये तैनात आहेत. चुलत दिरांनी बांध कोरून आमच्या शेतात अतिक्रमण केले आणि उलट पतींवरच दावा लावला आहे. तारखेला ते येऊ शकत नाहीत. दावा एकतर्फी गेला तर काय?
— एक वाचक भगिनी, ता. माण, जि. सातारा

उत्तर : ताई, अशा वेळी कामी येईल असा एक जुना कायदा आहे, तो म्हणजे भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५. युद्धस्थितीत, परदेशात किंवा केंद्र सरकारने त्यासाठी जाहीर केलेल्या ठिकाणी सेवा करणाऱ्या सैनिकाविरुद्ध दिवाणी दावा आला, तर त्याच्या गैरहजेरीत अन्याय होऊ नये यासाठी हा कायदा केलेला आहे. सैनिक विशेष परिस्थितीत सेवेवर आहे आणि न्यायासाठी कामकाज पुढे ढकलणे आवश्यक आहे, असे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र न्यायालयात दाखल झाले की न्यायालयाने कामकाज तहकूब करायचे असते. सैनिकाच्या वतीने कोणीच हजर नसेल तर जिल्हाधिकारीही न्यायालयाला तसे कळवू शकतात. एकतर्फी हुकूम झालाच, तर तो रद्द करून घेण्याची तरतूद याच कायद्यात आहे. अशा सेवेचा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला जातो, म्हणून उशीर झाला या कारणाने हक्क जात नाही.

तुम्ही पतींना आजच कळवा की त्यांनी आपल्या कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज द्यावा. पलटणीकडून जिल्हाधिकारी आणि जिल्हा पोलीस अधीक्षक यांना पत्र जाते. हे दरवर्षी असंख्य प्रकरणांत होते आणि त्याचा परिणामही होतो. त्या पत्राची प्रत घेऊन तुम्ही जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना भेटा. जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे या कार्यालयामार्फत गेलेला विषय त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचतो. बांधाच्या वादात शासकीय मोजणीचा नकाशा निर्णायक ठरतो. तो नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. दिरांशी शाब्दिक वाद वाढवू नका आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

वकिलाच्या खर्चाची चिंता वाटत असेल तर तीही कमी करता येईल. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून तिच्याखाली राज्य व जिल्हा सैनिक मंडळांच्या कार्यालयांत मोफत कायदेविषयक मदत केंद्रे उघडायची आहेत. साताऱ्याच्या कार्यालयात त्याची चौकशी करा. तेथे वकील बसत नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट अर्ज द्या. स्त्री म्हणून तुम्हाला तेथे उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. दाव्याचे समन्स, सातबारा, पतींच्या तैनातीबाबत पलटणीने दिलेले पत्र आणि पतींनी तुमच्या नावे दिलेले मुखत्यारपत्र, एवढे कागद पहिल्याच दिवशी सोबत न्या. मुखत्यारपत्र अजून झाले नसेल तर पतींनी ते कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून पुढच्या तारखेच्या आत टपालाने पाठवावे.